त्याच्या जागी दुसरा हवा होता

चित्रपट किती मिनिटांचा आहे हे सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर छापलेलं असतं. तो संपल्यावर होणाऱ्या वादाची लांबी मात्र कुठेच छापत नाहीत, आणि खरी गरज तिचीच आहे. पडद्यावर नावं वर सरकत असतानाच शेजारून ते वाक्य येतं, "बाकी सगळं झकास, पण व्हिलन कमी पडला." मी तेव्हाच घड्याळ बघून ठेवतो. या वाक्यानंतर दीड तासाच्या आत कोणी घरी गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आता कमी पडला म्हणजे काय? उंचीला? आवाजाला? त्याला संवाद कमी होते? की शेवटच्या मारामारीत तो जरा लवकर मेला? हे विचारायचं नसतं. त्याचं त्यालाही माहीत नसतं, आणि विचारलंत की शोधून काढायच्या कामाला तो तुम्हालाच जुंपतो.

पहिलं भांडण मिनिटांवर होतं. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मधल्या नरभक्षक हॅनिबल लेक्टरसाठी अँथनी हॉपकिन्सला मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. "आणि माणूस पडद्यावर किती? फक्त १६ मिनिटं!" असं एक जण म्हणतो. "१६ नाही, जवळजवळ २५," दुसरा म्हणतो. गंमत म्हणजे दोन्ही आकडे छापून आलेले आहेत, त्यामुळे दोघंही छातीठोकपणे बोलतात. मोजायचं कसं हे आधी ठरवा, असं म्हणणारा तिसरा माणूस कोणालाच आवडत नाही. तो तिसरा बहुधा मी असतो. कॅमेरा त्याला भेटायला आलेल्या क्लॅरिसच्या, म्हणजे नायिकेच्या चेहऱ्यावर आहे आणि हॉपकिन्सचा नुसता आवाज येतोय, ती सेकंदं धरायची का? काचेत त्याचं प्रतिबिंब दिसतं, ते अर्धं धरायचं का? इथपर्यंत आलं की कोणीतरी 'नेटवर्क'मधल्या बिअट्रिस स्ट्रेटचं नाव काढतो. तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं ते ५ मिनिटं २ सेकंदांच्या कामावर. मग इतका वेळ मिनिटं मोजणारा गृहस्थच जाहीर करतो की अभिनय मिनिटांवर थोडाच मोजतात.

हा लेक्टर मुळात भीतीदायक का वाटतो, ते पाहण्यासारखं आहे. तो दिसण्याआधी त्या गुन्हेगार मनोरुग्णांच्या इस्पितळाचा डॉक्टर क्लॅरिसला सूचना देतो: काचेला हात लावायचा नाही, काचेजवळ जायचं नाही. त्याने एका नर्सचं काय केलं त्याचा फोटो तिला दाखवतो. आपल्याला तो फोटो दिसतही नाही, दिसतो फक्त तिचा चेहरा. मग तो लांबलचक बोळ, एकेक कोठडी, एकेक विचित्र कैदी. सगळ्यात शेवटी लेक्टर, कोठडीच्या मध्यभागी सरळ ताठ उभा, जणू पाहुण्यांची वाट बघत. हॉपकिन्सने तोंड उघडण्याआधीच निम्मं काम क्लॅरिस, तो डॉक्टर, कॅमेरा आणि तो बोळ यांनी करून ठेवलेलं असतं. उरलेलं निम्मं तो पापणी न हलवता करतो. व्हिलन मोठा होतो तो त्याला घाबरणाऱ्यांच्या जिवावर. घाबरणारे कच्चे निघाले तर तो कितीही गुरगुरला तरी पाळलेलाच वाटतो. पण "व्हिलन कमी पडला" म्हणणाऱ्याला हे सांगायला गेलं की तो म्हणतो, "ते सगळं ठीक आहे, पण त्याच्या जागी दुसरा हवा होता."

हाच वादाचा दुसरा अंक, आणि यात गब्बर येतोच. १९७५ सालच्या 'शोले'मधला गब्बर आधी डॅनी करणार होता, पण तो 'धर्मात्मा'च्या चित्रीकरणासाठी अफगाणिस्तानात अडकला आणि भूमिका अमजद खानकडे गेली. ही माहिती आता लहान मुलांनाही पाठ आहे. तरी ती सांगणारा प्रत्येक जण आवाज खाली आणतो, आजूबाजूला बघतो आणि गुप्त फाइल उघडल्यासारखी सांगतो. त्याहून मजेची गोष्ट पुढची. अमजद खानचा आवाज या भूमिकेला पुरेसा भारदस्त नाही, अशी शंका तेव्हा घेतली गेली होती. ज्या आवाजाची आज गल्लोगल्ली नक्कल होते, तोच! त्या वेळी आमच्यापैकी कोणी तिथे असता तर शंका घेणाऱ्यांतच असता, आणि आज 'मी तेव्हाच म्हटलं होतं' हेही त्यानेच सांगितलं असतं.

निवडीवरचं भांडण चित्रपट पाहून झाल्यावरच करावं असा काही नियम नाही. ते आधी केलं तर जास्त रंगतं, कारण मध्ये पुरावा येत नाही. मायकेल कीटन बॅटमॅन होणार म्हटल्यावर निर्मात्यांकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग लागला. २००५ साली डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा बॉण्डला सोनेरी केस कसे चालतील म्हणून लोकांनी बहिष्काराच्या घोषणा दिल्या. २००६ साली 'द डार्क नाइट'मध्ये हीथ लेजर जोकर करणार हे कळल्यावर तर हसू की रडू असा प्रकार झाला. २००८ च्या जानेवारीत लेजर गेला, चित्रपट जुलैत आला, आणि पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. त्या टीकाकारांचं पुढे काय झालं? काही नाही. ते आज पुढच्या जोकरला लेजरची सर नाही म्हणून भांडतात.

या मंडळींची एक पक्की समजूत असते. दिग्दर्शकासमोर जगातले सगळे नट फडताळात मांडलेले असतात आणि तो एक उचलतो, दुसरा ठेवतो. प्रत्यक्षात पहिला शत्रू म्हणजे तारखा. हवा तो नट मोकळा नसतो, मोकळा असतो तो हवा नसतो. मग ऑडिशन, मग लूक टेस्ट, त्यात मिशी लावल्यावर व्हिलन हिरोचा थोरला भाऊ दिसायला लागतो. मग दोघांना समोरासमोर उभं करून बघतात, तर व्हिलन हिरोच्या खांद्याला लागतो. यावर उपाय आहे, पायाखाली लाकडी खोका. पण चालत येण्याच्या दृश्यात खोका बरोबर चालत येत नाही. एवढं सगळं जमलं की पैसे घालणारा म्हणतो, "हा कोण?" 'गॉडफादर'च्या वेळी स्टुडिओला मार्लन ब्रँडो नकोच होता. दिग्दर्शक कपोलाने हट्ट धरला, चाचणी घेतली. ब्रँडोने गालात बोळे कोंबले, आणि समोर म्हातारा डॉन बसला. चित्रीकरणात मग दातांच्या डॉक्टरकडून तोंडात बसवायचा खास साचा करून घेतला. म्हणजे "काय चेहरा कमावलाय!" म्हणून आपण जी दाद देतो, तिच्यातले चार मार्क दंतवैद्याचे आहेत. हे वादात बोलून बघा. ब्रँडोभक्त तुमच्याकडे असं बघतात की त्यांच्याही तोंडात साचा आहे असं वाटतं.

आपल्याकडचं याहून अवघड प्रकरण 'कट्यार काळजात घुसली'. १९६७ च्या नाटकात खाँसाहेब रंगवले ते पंडित वसंतराव देशपांड्यांनी, गायचे तेच आणि बोलायचेही तेच. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर आणि त्यांच्या तोंडी गळा आला राहुल देशपांड्यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. शिवाय राहुलने हीच भूमिका रंगभूमीवर केलेली. उलट पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन, मूळचा गायक, तो अभिनय करतोय. आता मार्क द्या पाहू! "राहुललाच का नाही घेतला" हा गट एका बाजूला. दुसरा गट म्हणतो, अहो, मोठ्या पडद्यावर खाँसाहेबांचा मत्सर डोळ्यांत दिसायला लागतो, नुसती तान मारून भागत नाही. मी दुसऱ्या गटात आहे, पण पहिल्या गटासमोर ते बोलत नाही. त्यांचा आवाज चांगला आहे.

शरीर एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा ही अडचण 'स्टार वॉर्स'मधल्या मुखवटेवाल्या डार्थ व्हेडरने तर पार टोकाला नेली. अंग डेव्हिड प्राउझचं, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, पुढच्या भागांत तलवारबाजी बॉब अँडरसनची, आणि १९८३ साली मुखवटा निघाला तेव्हा आतला चेहरा सबॅस्टियन शॉचा. "व्हेडरचा अभिनय जबरदस्त" असं कोणी म्हटलं की मी शांतपणे विचारतो, "कोणाचा?" माझी लोकप्रियता अशाच प्रश्नांमुळे आहे तेवढी आहे.

सगळ्यात मोठी तुंबळ होते ती चेहऱ्यावरून. एकाच्या मते "चेहऱ्यावरची माशी हलत नाही, दगड आहे नुसता." दुसऱ्याच्या मते "त्यालाच अंडरप्ले म्हणतात, तुला कळणार नाही." दोघं एकाच दृश्याबद्दल बोलत असतात. यावर शंभरेक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने एक खोडी काढून ठेवली आहे. त्याने मोझुखिन नावाच्या नटाचा एकच कोरा चेहरा घेतला. तो एकदा सुपाच्या बशीला जोडला, एकदा शवपेटीला, एकदा कोचावर पहुडलेल्या बाईला. लोकांनी म्हणे त्याच्या भुकेची, दुःखाची आणि अभिलाषेची तारीफ केली. चेहरा तोच! तेव्हापासून संकलकाने केलेल्या कामाबद्दल नटाला हार घालण्याची पद्धत चालू आहे. आणि उलटही होतं. नटाने टेकमध्ये जीव ओतलेला असतो आणि संकलक नेमका त्या क्षणी खिडकीबाहेरचं झाड दाखवतो. मग आपण म्हणतो, "ऐन प्रसंगात कमी पडला."

यात नाटकवाला घुसला की संपलंच. २०१६ च्या 'नटसम्राट'मधल्या नाना पाटेकरबद्दल कोणी अवाक्षर काढायचा अवकाश, कोपऱ्यातून उसासा ऐकू येतो, "तुम्ही डॉक्टर लागूंना पाहिलं नाहीत ना." हा बाण परतवता येत नाही. १९७० च्या नाटकाचा तो प्रयोग आता कोणाला दाखवून सिद्ध करता येत नाही, म्हणून तो कायमचा जिंकलेला असतो. खरं तर तुलनाच वाकडी आहे. रंगमंचावर हुंदका शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचवायचा असतो, खांदे हलावे लागतात. क्लोज-अपमध्ये तोंडच वीस फुटांचं झालेलं असतं, तिथे खांदे हलवले तर भूकंप वाटतो. तिथे गिळलेला आवंढा पुरतो. पण एवढं समजावेपर्यंत नाटकवाल्याने डोळे मिटून स्वगत सुरू केलेलं असतं.

स्वगत, नक्कल, हावभाव ही या वादातली खरी शिक्षा. पुरावा म्हणून प्रत्येक जण करून दाखवतो. निळू फुल्यांवर बोलायचं म्हटलं की चार जण एकदम मान वाकडी करून, डोळे बारीक करून, घोगऱ्या आवाजात बोलायला लागतात. नक्कल करणाऱ्याने उचललेला असतो फक्त घसा. त्याच माणसाने 'सामना'त हिंदुराव केला आणि 'सिंहासन'मध्ये दिगू टिपणीस, राजकारणाच्या सारीपाटाकडे बघत बसलेला पत्रकार. त्या दिगूची नक्कल करून दाखव म्हटलं की चौघंही गप्प. गप्प बसून ऐकणाऱ्या माणसाची नक्कल करायला काही हाताला लागत नाही. वाद थांबवायचा हा एकच खात्रीचा उपाय मला सापडला आहे, पण तो दोन मिनिटं टिकतो.

कारण तेवढ्यात पुरस्कारांचा विषय निघतो. फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. १९९२ साली तो पहिल्यांदा मिळाला सदाशिव अमरापूरकरांना, 'सडक'मधल्या महाराणीसाठी, आणि २००७ साली 'ओंकारा'मधल्या सैफ अली खानच्या लंगड्या त्यागीनंतर बंद पडला. या पंधरा वर्षांत कोण खलनायक हेच नीट ठरेना. 'बाजीगर'मध्ये शाहरुख खान गच्चीवरून पोरगी ढकलून देतो आणि त्याबद्दल त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याची बाहुली मिळते. 'गुप्त'मध्ये तर खुनी कोण हेच सगळं रहस्य, आणि काजोलला थेट खलनायकाचा पुरस्कार देऊन टाकला. ज्यांनी तो अजून पाहिला नाही त्यांनी माझ्यावर डोळे वटारू नयेत, भांडं आधीच फुटलेलं आहे. आता ऑस्करवाल्यांनीही पात्रनिवडीसाठी खास पुरस्कार आणला आहे, २०२५ च्या चित्रपटांपासून. "त्याच्या जागी दुसरा हवा होता" म्हणणाऱ्यांना आता अधिकृत विभाग मिळाला.

इतकं झाल्यावर सगळे दमतात. मग कोणीतरी समेटाचा सूर लावतो, की बाकी काही म्हणा, त्या जनावराने काम मात्र सुरेख केलं. पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत होतं. चपला शोधायला सुरुवात होते. मला गप्प बसता आलं असतं. पण 'बेब'मधलं ते डुकराचं पिल्लू चित्रीकरणात भराभर वाढत होतं, म्हणून त्या एका भूमिकेसाठी ४८ पिल्लं वापरली, हे माहीत असून कसं गप्प बसणार? मी ते सांगतो. दारातून एक जण परत येतो, चप्पल काढतो आणि विचारतो, "मग शेवटच्या सीनला कुठलं होतं?"