मोबाइलवर दारू सुटत नाही, हे अर्धसत्य आहे

"मोबाइलवर धडे वाचून कुठे दारू सुटते? समोर कोणी नसेल तर माणूस खोटंच लिहिणार. आणि एकदा घसरला की सगळं संपलं." हा मजकूर सध्या खूप फिरतोय. तो वाचून कोणी मदत घेण्याआधीच माघारी वळेल, याची मला काळजी वाटते.

मोबाइलवरचा हा उपचार म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी ओळखून त्या बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत. मुळात ती म्हणजे नुसते धडे वाचणं नव्हे. पिणाऱ्याने रोज नोंद ठेवायची: किती वाजता, कोणासोबत, किती, आणि पहिल्या ग्लासाआधीच्या तासात मनात काय चाललं होतं. काही आठवड्यांत त्या नोंदींतून बरंच उलगडतं. "टेन्शनमुळे पितो" म्हणणाऱ्याला कळतं की त्याची अवघड वेळ म्हणजे रिकामी संध्याकाळ. मग त्या तासासाठी दुसरं काहीतरी आधीच ठरवायचं. आग्रह करणाऱ्याला काय सांगायचं ते मोठ्याने म्हणून बघायचं. तलफ चढते तशी उतरतेही, हे स्वतः अनुभवायचं. समोरासमोरच्या उपचारातही हा सराव शेवटी एकट्यालाच करावा लागतो.

समोर माणूस हवाच का? स्वीडनमध्ये ३०१ रुग्णांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर इंटरनेटवरची सीबीटी प्रत्यक्ष भेटींपेक्षा कमी पडली नाही. मात्र तिथेही पलीकडे थेरपिस्ट लिहून उत्तरं देत होता. असं मार्गदर्शन असलं की परिणाम जास्त दिसतो, म्हणून नुसत्या ॲपवर मी थांबणार नाही.

खोटं लिहिण्याचं म्हणाल, तर ते समोर बसूनही बोलता येतं. उलट लाजेपोटी दवाखान्याची पायरी न चढणारे कित्येक जण स्क्रीनवर आकडा खरा लिहितात.

एका बाबतीत मात्र सावध राहायलाच हवं. सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, घोट घेतल्यावरच बरं वाटतं, किंवा पूर्वी दारू थांबवल्यावर फिट आली होती, अशा माणसाने घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट किंवा भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, औषधं, आणि मग सीबीटी.

राहिली घसरण. "एक घेतलीच, आता काय उरलं?" हा विचार त्या एका ग्लासापेक्षा जास्त नुकसान करतो. सीबीटीत त्यावर वेगळं काम होतं: दुसऱ्या दिवशी वही उघडायची, कालचा तो तास लिहून काढायचा, आणि त्याच दिवशी थेरपिस्टला कळवायचं.