माणशी एक कंगवा

वाळवंटात जाताना पाणी न्यावं हे कुणीही सांगतं. कंगवा न्यावा, असं मात्र कुणी सांगत नाही. मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात पक्ष्यांचे नमुने गोळा करायला निघालो, तर सामानाच्या यादीत जाळी, काठ्या, कापूस, टाकणखार आणि माणशी एक कंगवा! यादी करणाऱ्या आमच्या सरांना पूर्ण टक्कल. म्हटलं, जुन्या दिवसांची आठवण असेल.

मग चोया भेटला. हे निवडुंग नुसतं चाटून गेलात तरी त्याचं पेर सुटून पोटरीला बिलगतं. काट्यांना उलटे दाते. सोडवायला हात लावला की हातही गेला. मग पेराखाली कंगवा सारायचा, डोळे मिटायचे आणि झटका द्यायचा. पेर उडतं आणि बहुधा शेजारच्याच्या मांडीवर उतरतं.

ह्याच चोयात कॅक्टस रेन संसार थाटतो. बुलबुलाहून जरासा लहान पक्षी, पण काट्यांवर अनवाणी ये-जा करतो, आणि आम्ही कंगवे परजत असताना वरून स्टार्ट न होणाऱ्या स्कूटरसारखा घरघरतो.

रोडरनर नावाचा पक्षी त्याहून वस्ताद. पहाटेच्या गारठ्यात आम्ही कुडकुडत जाळी लावतो, तेव्हा हे महाशय सूर्याकडे पाठ करून, पिसं फिस्कारून खालची काळी कातडी शेकत बसतात. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. त्यामुळे वाळूतला ठसा बघून स्वारी आली की गेली, पत्ता लागत नाही. सर एका दिशेला धावले, मी दुसऱ्या. तो तिसरीकडूनच गेला, चोचीत सरडा धरून.

ऊन चढलं की जाळी मिटायची, नाहीतर अडकलेला पक्षी होरपळून मरतो. मग तंबूत बैठं काम. परवान्यात बसतील तेवढेच पक्षी घ्यायचे. पोटाशी चीर देऊन कातडी अलगद सोडवायची, पिसांना डाग लागू द्यायचा नाही, आतून टाकणखार चोळायचा, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची : तारीख, ठिकाण, वजन, नर की मादी. चिठ्ठी नसली तर संग्रहालयाच्या लेखी तो नुसता मेलेला पक्षी. आणि ह्या सगळ्यात नाकावर माशी बसली तर ती बसू द्यायची.

अशात आईचा फोन. महामार्ग जवळ, त्यामुळे रेंज चोख.

"काय करतोयस?"

"टाकणखार लावतोय."

"अगंबाई, तोंड आलंय का रे? लाही करून मधातून लाव. कोरडा नको."

समोर अर्धा सोललेला थ्रॅशर पक्षी. मी 'हो' म्हटलं.

"आणि तिकडच्या त्या मिरच्या आठ दिवस बंद!"