थेंब कुणाच्या ओंजळीत? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. युरोपातल्या संशोधन-निधीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया आधी बोचली, मग सावकाश वाचल्यावर निम्मी पटली. 'युरोपात निधीचा पाऊस पडतोय म्हणता, पण पुण्यातल्या स्टार्टअपला थेंब मिळत नाही, संशोधकालाही नाही. नेटवर्किंग म्हणजे नुसतं चहापान, दुकानं चालतात ती सल्लागारांची,' असं तुमचं म्हणणं.

पहिल्या भागात चूक माझीच. 'होरायझन युरोप' या युरोपियन युनियनच्या संशोधन-निधी कार्यक्रमाचे साडेपंच्याण्णव अब्ज युरो मी दणक्यात लिहिले आणि ते कुणाला मिळतात हे एका ओळीत उरकलं. भारत या कार्यक्रमाचा संलग्न देश, म्हणजे करार करून त्यात सामील झालेला देश, नाही. याच कार्यक्रमातल्या युरोपियन इनोव्हेशन कौन्सिलच्या 'ॲक्सिलरेटर' या स्टार्टअपसाठीच्या योजनेतून 25 लाख युरोपर्यंत अनुदान मिळतं, पण कंपनी सदस्य किंवा संलग्न देशात नोंदलेली हवी. पुण्यातली कंपनी तिथेच बाद.

संशोधकाला मात्र तुम्ही याच पंक्तीत बसवलंत, ते पटलं नाही. संशोधकांना अनुदान देणारी युरोपियन रिसर्च कौन्सिल पासपोर्ट बघत नाही. यजमान संस्था, म्हणजे जिथे संशोधन करायचं ती, युरोपातली लागते. पीएचडीनंतरच्या मेरी क्युरी फेलोशिपचंही तेच. तिची एक अट तर गमतीची आहे: ज्या देशात जायचं, तिथे अर्जाच्या मुदतीआधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. माझ्या ओळखीचा एकजण 'आधी पोहोचू, मग बघू' म्हणत जर्मनीत दीड वर्ष राहिला आणि तिथल्याच प्रयोगशाळेसाठी अर्ज करायला गेला. अपात्र! घरी बसून अर्ज केला असता तर निदान स्पर्धेत तरी राहिला असता.

आता चहापान. 1971 पासून चालणारं 'कॉस्ट' हे संशोधकांची जाळी विणणारं युरोपीय व्यासपीठ संशोधनाला पैसे देतच नाही. बैठका, प्रवास, दुसऱ्या प्रयोगशाळेतला छोटा मुक्काम, एवढ्याचाच खर्च उचलतं. म्हणजे तुमचा टोला शब्दशः बरोबर. पण इनोव्हेशन कौन्सिलच्याच 'पाथफाइंडर' या संशोधन-अनुदान योजनेच्या खुल्या स्पर्धेत संघ करून उतरायचं तर साधारणपणे तीन देशांतल्या तीन संस्था लागतात. अनोळखी प्राध्यापकाला ईमेल टाकून भागीदार मिळत नाही हो, मी टाकून पाहिलेत. तो त्या चहाच्या टेबलावर भेटतो.

सल्लागारांची दुकानं चालतात, हे मान्य. त्यावर वाद नाही.

भाचीने जर्मनीत आधी नोकरी धरावी का, असं शेवटी विचारलंत. फेलोशिपही जर्मनीतच हवी असेल तर सहा महिने चालतील, दीड वर्ष नको. आणि पीएचडी अर्जाच्या मुदतीआधी पदरात पडलेली हवी. ही मुदत बहुधा सप्टेंबरात असते.