‘२१ दिवसांत सवय लागते’ या दाव्याला आधार काय?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की नातेवाइकांच्या आणि कार्यालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस केली की तिची सवय लागते आणि ९० दिवस केली की ती जीवनशैली होते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, मधला एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी, ९२ टक्के लोकांचे नववर्षाचे संकल्प फसतात, कारण त्यांच्यात निर्धार नसतो, म्हणून संकल्प करायचा तर मोठाच करावा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु या संदेशातील एकही विधान तपासणीला टिकत नाही, आणि त्यावर विश्वास ठेवणारा माणूस जानेवारी संपण्याआधीच स्वतःला नालायक ठरवून मोकळा होतो. म्हणून त्याचे मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा २१ या आकड्याचा. त्याचे मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या १९६० च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा रुग्णाला आपलासा वाटू लागण्यास साधारणतः तीन आठवडे जातात, आणि नव्या घरात राहायला गेल्यावर ते घर आपले वाटायलाही सुमारे तेवढाच काळ लागतो, असे त्यांचे निरीक्षण होते. मनातील जुनी प्रतिमा पुसून नवी ठसायला ‘किमान सुमारे २१ दिवस’ लागतात, एवढेच त्यांनी लिहिले. हे एका डॉक्टरचे अनुभवातून आलेले मत होते, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हता. शिवाय ते रोज व्यायाम करण्याविषयी किंवा पहाटे उठण्याविषयी नव्हतेच. पुढे प्रेरणादायी व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून हे वाक्य फिरत राहिले, त्यातला ‘किमान’ हा शब्द गळाला, ‘सुमारे’ही गळाला आणि उरला तो केवळ आकडा.

सवय लागायला प्रत्यक्षात किती दिवस जातात, हे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिले. ९६ स्वयंसेवकांनी खाण्यापिण्याची किंवा हालचालीची एकेक साधी कृती निवडली, उदाहरणार्थ दुपारच्या जेवणासोबत एक फळ खाणे, आणि ती ठरलेल्या प्रसंगाला जोडून १२ आठवडे रोज करण्याचा प्रयत्न केला. कृती किती आपोआप होते आहे, याची नोंद ते दररोज करत होते. ती जास्तीत जास्त जितकी आपोआप होऊ शकते त्याच्या जवळ पोहोचायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला, परंतु माणसामाणसांतील अंतर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होते. (निरीक्षणे ८४ दिवसांचीच असल्यामुळे वरचा आकडा आलेखाच्या वळणावरून काढलेला आहे, हे लक्षात ठेवावे.) पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला अधिक वेळ लागला. तेव्हा २१ च्या जागी ६६ लिहून तोच संदेश पुढे ढकलणे ही देखील चूकच ठरेल, कारण या अभ्यासातून मिळणारे खरे उत्तर ‘कोणाची कोणती सवय, यावर अवलंबून आहे’ हे आहे. ९० दिवसांच्या ‘जीवनशैली’ला वेगळे उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही, तिलाही हेच लागू पडते.

दुसरा मुद्दा माझ्या मते सर्वांत घातक आहे : एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. याच लंडनच्या अभ्यासात एखाद्या दिवशी कृती राहून गेल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही, असे स्पष्ट दिसले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी १९८० च्या दशकात २०० संकल्पकर्त्यांचा दोन वर्षे मागोवा घेतला होता. त्यात जे शेवटी यशस्वी ठरले, त्यांच्यापैकीही ५३ टक्क्यांचा संकल्प मध्येच किमान एकदा मोडला होता आणि अशा चुकांची सरासरी संख्या दोन वर्षांत १४ होती. म्हणजे चुकणे हा अपयशाचा पुरावा नसून यशस्वी माणसांच्या वाटचालीचाही नेहमीचा भाग आहे.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी रोज पहाटे पाच वाजता उठून पाऊण तास चालण्याचा संकल्प मी केला होता. सतराव्या दिवशी घरातल्या एका लग्नासाठी परगावी जावे लागले, दोन दिवस चुकले, आणि याच संदेशातील नियमाप्रमाणे मी पुन्हा ‘दिवस पहिला’ लिहिला. सतरा दिवसांची कमाई एका फटक्यात शून्य झाल्यावर मनाची जी अवस्था होते तीच माझी झाली, आणि फेब्रुवारी उजाडण्याआधी बूट कपाटात गेले. मोजणी शून्यावर आणणारा तो नियम नसता, तर दोन दिवसांचा खंड हा केवळ दोन दिवसांचा खंडच राहिला असता, असे मला आज प्रामाणिकपणे वाटते.

९२ टक्के अपयशाचा आकडा अनेकदा पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन विद्यापीठाच्या नावावर खपवला जातो. नॉरक्रॉस त्याच विद्यापीठातले. त्यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संकल्प करणाऱ्या १५९ जणांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही आपला संकल्प पाळत असल्याचे सांगत होते. तसाच बदल हवा असूनही संकल्प न केलेल्या १२३ जणांच्या गटात हे प्रमाण अवघे ४ टक्के होते. दीर्घकाळाचे चित्र इतके उजळ नाही, कारण वर उल्लेखलेल्या जुन्या अभ्यासात दोन वर्षांनंतर १९ टक्केच टिकले होते, आणि हे सगळे लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेले आहे. तरीही संकल्प करणे व्यर्थ आहे, असा अर्थ यातून निघत नाही.

शेवटचा मुद्दा निर्धाराचा आणि मोठेपणाचा. ‘यंदा तब्येत सुधारणार’ हा संकल्प मोठा आहे, परंतु सोमवारी संध्याकाळी नेमके काय करायचे हे तो सांगत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी हेतू आणि योजना यांत भेद केला : ‘अमुक प्रसंग आला की मी अमुक करीन’ असे आधीच ठरवले, तर कृती घडण्याची शक्यता वाढते. पास्कल शीरन यांच्यासह त्यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हा परिणाम चांगलाच ठळक आढळला. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘हे करीन’ असे संकल्प करणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्क्यांनी, तर ‘हे टाळीन’ म्हणणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांनी वर्षाअखेरीस स्वतःला यशस्वी म्हटले. (तंबाखू किंवा दारूचे व्यसन हा वेगळा विषय आहे, तिथे वैद्यकीय मदतच घ्यावी.)

आपल्याकडे हा भेद अपरिचित नाही. पूजेच्या आरंभी हातात पाणी घेऊन जो संकल्प सोडला जातो, त्यात गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण आहोत इथपासून शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी आणि वार यांचा उच्चार होतो, मग गोत्र आणि नाव येते. आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य यांचा उल्लेख तिथेही असतो, पण तो हेतू म्हणून. ‘करिष्ये’ हे क्रियापद ज्याला लागते, ते त्या दिवशी त्या जागी करायचे नेमके कर्म असते. चातुर्मासातले नेमही असेच छोटे आणि स्पष्ट असत : अमुक पदार्थ वर्ज्य, अमुक अध्याय रोज. त्यांची मुदत २१ दिवसांची नव्हे, चार महिन्यांची असे.

कपाटातले बूट मी दीड वर्षाने बाहेर काढले, तेव्हा पहाट आणि पाऊण तास या दोन्ही गोष्टी सोडून दिल्या. रात्रीच्या जेवणानंतर ओटा पुसून झाला की चप्पल घालून कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन यायचे, एवढेच ठरवले. त्याला पंधरा मिनिटे लागतात. गेल्या आषाढात पावसामुळे ही फेरी सलग नऊ दिवस चुकली, आणि दहाव्या दिवशी ओटा पुसून झाल्यावर मी चप्पल घातली.