‘सहा महिन्यांत तारा’: दात त्या वेगाने का सरकत नाहीत

व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला असा: तार दर पंधरवड्याला जोरात आवळून घ्या, रोज 20 मिनिटं कंपन देणारं यंत्र चावून धरा, हाडाला बारीक छिद्रं पाडून घ्या, दोन वर्षांचं काम सहा महिन्यांत उरकेल.

‘जोरात आवळली की लवकर.’ नेमकं उलटं होतं, आणि यातच सर्वांत जास्त नुकसान आहे. दाताचं मूळ आणि हाड यांच्यात जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा धाग्यांचा पडदा असतो. हलका दाब पडला की दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, मागे नवं भरतं, दात सरकतो. दाब वाढला की पडद्यातल्या रक्तवाहिन्याच चेपतात, तिथल्या पेशी मरतात. मग हाड पलीकडून पोखरत यावं लागतं. दोन-चार आठवडे दात जागचा हलत नाही, ठणकतो मात्र खूप. मुळाचं टोक झिजण्याचा धोकाही वाढतो, आणि झिजलेलं मूळ पुन्हा वाढत नाही. म्हणूनच सुळा मुळासकट मागे न्यायला साधारण 70 ते 120 ग्रॅम जोर पुरतो. दात हाडात आत दाबायचा तर 10 ते 20 ग्रॅम.

‘कंपनाने वेग दुप्पट.’ 2015 साली ब्रिटनमधल्या चाचणीत काहींना चालू यंत्र दिलं, काहींना न थरथरणारं, काहींना काहीच नाही. दात सरळ होण्याच्या वेगात फरक पडला नाही.

‘छिद्रांनी हाड मऊ होतं.’ जखम झालेल्या हाडाची झीज-भर काही काळ वाढते, हे खरं. 2013च्या एका छोट्या अभ्यासात 28 दिवसांत दुपटीहून जास्त वेग दिसला होता. नंतरच्या अनेक चाचण्यांत तो टिकला नाही. परिणाम ओसरतो, मग पुन्हा छिद्रं.

साधा हिशेब पाहा. दातांना जागा करायला सुळ्यामागची उपदाढ काढली तर सुमारे 7 मिलिमीटर जागा होते, दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. नुसता सुळा मागे न्यायलाच सहा-सात महिने जाऊ शकतात. पुढचे दात त्यानंतर.

वेळ खरा वाया जातो तो सुटलेल्या ब्रॅकेटमुळे, म्हणजे दातावर चिकटवलेल्या, तार धरून ठेवणाऱ्या तुकड्यामुळे. ऊस, चिक्की, बर्फ दातांनी फोडू नका. पेरूच्या पातळ फोडी करा. दात ओढायला दिलेले रबर सांगितलेत तितके तास लावा. ब्रॅकेट सुटलाच तर त्याच आठवड्यात दवाखान्यात कळवा. पुढच्या तारखेपर्यंत थांबलात तर तो दात परत वळू लागतो आणि जाड तार काढून पुन्हा बारीक तारेपासून सुरुवात करावी लागते.