हुंड्याची यादी सगळ्यांना पाठ, नवरीचं नाव कुणालाच नाही

आज सोसायटीच्या ग्रुपवर परत तो जोक आला. "सासरा असावा तर असा, जावयाला मुंबई दिली!" खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

सासरा कसला? मुंबई हुंड्यात मिळालेला तो जावई म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, आणि त्याची नवरी कॅथरीन. तिचे वडील, पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव, १६५६ सालीच गेले होते. १६६१ चा तह केला तो तिच्या आईने, राणी लुइझाने. स्पेन टपून बसलेलं, इंग्लंडची फौज हवी होती, म्हणून मुलगी दिली. सोबत मुंबई, आफ्रिकेतलं टँजियर बंदर आणि वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) कबूल केले.

१६६२ च्या मे महिन्यात २३ वर्षांची ही मुलगी इंग्लंडात पोर्ट्समथला उतरली. इंग्रजी येत नव्हतं. दुसऱ्या चार्ल्सने काय करावं? आपल्या अंगवस्त्राला, बार्बराला, राणीच्या दिमतीला असणाऱ्या खास बायकांच्या यादीत घातलं. कॅथरीनने ते नाव खोडलं. मग त्याने भर दरबारात बार्बराला आणून तिच्यापुढे उभं केलं. ही कोण ते कळल्यावर कॅथरीनच्या नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. आणि शिक्षा कुणाला? तिलाच. माहेरची बहुतेक माणसं परत पाठवून दिली.

माझी आत्या आठवते. आजोबांनी उसाची जमीन विकून हुंडा दिला, त्या पैशातून तिच्या सासरी पिठाची गिरणी उभी राहिली. पाटीवर नाव सासऱ्याचं. आत्या गिरणीत बसून लोकांच्या डब्यांवर खडूने नावं लिहायची. मूल झालं नाही, म्हणून तिला हळदीकुंकवालाही कुणी बोलवत नसे.

कॅथरीनलाही मूल झालं नाही. गर्भपात झाले. १६६३ मध्ये ती मरणाच्या दारात होती, तेव्हा तापाच्या भ्रमात आपल्याला मुलं झालीत असं समजून त्यांची चौकशी करायची. इकडे राजाची अनौरस पोरं डझनभर, त्यांना सरदारक्या वाटल्या जात होत्या! तोंडावर कुणी विचारलं असेल का तिला, बाई गं, तू कशी आहेस? आत्याला तर आम्हीही विचारलं नाही.

चार्ल्सने तिला टाकलं नाही, हे मान्य. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसाने ती राजाला विष घालणार होती अशी थाप ठोकली, तेव्हा तो तिच्या बाजूने उभा राहिला. ठीक आहे. आणि कुणी म्हणेल, मुंबईतल्या कोळ्या-भंडाऱ्यांना तरी कुणी विचारलं होतं? नव्हतंच विचारलं. पण तिलाही नव्हतं.

तिच्या नावावर आलेली ती मुंबई चार्ल्सने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तिने ती कधी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. आत्याच्या घरीही पुढे गिरणी विकली, तेव्हा तिला शेजारणीकडून कळलं.

मला एका गोष्टीचं मात्र फार बरं वाटतं. नवरा गेल्यावर, १६९२ मध्ये, कॅथरीन इंग्लंड सोडून माहेरी निघाली. भाऊ पेद्रोच्या आजारपणात, स्पेनशी युद्ध चालू असताना, तिने राज्यकारभार पाहिला आणि चांगला पाहिला. १७०५ च्या डिसेंबरात लिस्बनमध्ये, आपल्या माणसांत गेली.

आत्याही एकदा ट्रंक घेऊन आली होती. आजोबांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतः एसटीत बसवून दिलं.