डोंगर काय पळून जातोय?

घाबरायचंच असेल तर त्सुनामीला घाबरा, त्याला खर्च नाही. 'उद्या पहाटे कोकण किनारा पाण्याखाली' असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला की तारीख न बघता अकरा ग्रुपांवर ढकला. परळच्या आत्येला फोन करून रडवा. घरामागचा डोंगर मात्र आज्याच्या वेळेपासून तिथेच आहे, त्याची दरड कोसळेल म्हणून कोण घाबरतं?

त्याचं करायचं ते असं. पावसाआधी जेसीबी लावा. गाडी वळवायला खळं, म्हणजे अंगण, मोठं हवं, म्हणून पायथा उभा कापा, अगदी भिंतीसारखा. टप्पे पाडले तर जागा फुकट जाते. वर जांभा दगड दिसतो, तेव्हा निर्धास्त. खाली पांढरट चिकणमाती लागली तर तिकडे बघू नका. जांभ्यातून मुरलेलं पाणी त्या थरावर अडतं आणि वरचा सगळा भार घसरायला वाट मिळते, असं इंजिनियर म्हणेल. त्याला चहा पाजा.

भिंत बांधलीच तर पाणी निघायला भोकं ठेवू नका, गिलावा खराब होतो. मागे साठलेलं पाणी भिंत पुढे ढकलतं खरं, पण ते जुलैत. पाहुणे येतात मे महिन्यात. वरच्या अंगाला काजूसाठी आडवे चर खणून तिथेच पाणी मुरवलंत, तर काम चोख झालं.

रेड अलर्ट आला की हसा. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरहून जास्त पाऊस, म्हणजे जेमतेम वीतभर! एका गुंठ्यावर ते वीस हजार लिटर होतं, दहा हजारांचे दोन टँकर. पण आपण डोंगराचे गुंठे मोजत नाही, फक्त घराचे मोजतो.

मग चिन्हं दिसू लागतील. दार चौकटीत अडकू लागलं तर सुताराकडून रंधून घ्या. फणस कलला तर फणस काढायला सोपा झाला. माथ्यावर भेग पडली तर फोटो स्टेटसला. भर पावसात व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी एकाएकी आटलं तर देवाची कृपा समजा. वर कुठे माती आडवी येऊन पाणी तुंबलं असेल, हा विचार अपशकुनी. तलाठी 'रात्री शाळेत चला' म्हणाला तर विचारा, फ्रीज कोण उचलणार?

गाव दरडप्रवण यादीत नसेल तर प्रश्नच मिटला. 19 जुलै 2023 च्या रात्री जिच्यावर दरड आली ती इर्शाळवाडीही यादीत नव्हती. आणि आपलं गाव यादीत असेल, तर यादी चुकलेली.

आणि दोष कुणाला द्यायचा ते आधीच ठरवून ठेवा. 2019 च्या जुलैत रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांना धरण पोखरणारे खेकडे सापडले होते. डोंगरात खेकडे कमी, पण साळिंदरं भरपूर आहेत.